रोजचं थीमवालं इंग्रजी क्रॉसवर्ड: कुठून सुरू करायचं, थीम कशी पकडायची आणि त्यावर बोलायचं कसं

न्यूयॉर्क टाइम्सचं रोजचं क्रॉसवर्ड हौसेने उघडावं आणि पहिल्याच कोपऱ्यात बेसबॉलचा एक खेळाडू, कुठल्यातरी जुन्या सिरियलमधला शेजारी आणि अमेरिकेतलं एक तळं असे तीन क्लू लागोपाठ यावेत, की बहुतेक लोक तिथेच म्हणतात हे आपल्यासाठी नाही बाबा, आणि ॲप बंद. मला म्हणायचंय ते एवढंच की हे कोडं जनरल नॉलेजची परीक्षा नाहीये. वाटतं तसं, पण नाहीये. क्लू लिहायची एक ठरलेली पद्धत असते, चौकोनांची जाळी बांधायचे नियम असतात आणि थीम असते, म्हणजे लांब उत्तरांना बांधणारं एक सूत्र, ह्या तीन गोष्टी कळल्या की अमेरिकेत न वाढलेल्या माणसालाही सोमवारचं कोडं सुटतं, आणि हळूहळू गुरुवारचंही.

एक आधीच सांगते, हा लेख अमेरिकन पद्धतीच्या क्रॉसवर्डबद्दल आहे. 'द हिंदू'मध्ये येतं ते क्रिप्टिक, म्हणजे जिथे प्रत्येक क्लूच एक शब्दखेळ असतो, त्याचं सगळं शास्त्रच वेगळं, ते इथे आणू नका, गोंधळ होईल.

काय काय लागतं

- कोडं. न्यूयॉर्क टाइम्सच्या गेम्सचं सबस्क्रिप्शन घेतलं तर रोजचं कोडं आणि 1993 च्या अखेरीपासूनची जुनी कोडी मिळतात. लॉस एंजेलिस टाइम्सचं रोजचं कोडंही साधारण त्याच चढत्या क्रमाने अवघड होत जातं, तेही चालेल.
- कागदावर सोडवणार असाल तर पेन्सिल आणि चांगला खोडरबर. पेनाने सोडवण्याची ऐट नंतर.
- एक छोटी वही, किंवा फोनमधली नोट. सारखे सारखे येणारे शब्द लिहायला.
- बोलायला एखादा माणूस. हा शेवटचा मुद्दा गंमत म्हणून लिहिलेला नाही, खाली येतंच.

डिक्शनरी लागत नाही. खरंच नाही लागत.

1. आधी वार बघा, मग कोडं उघडा

न्यूयॉर्क टाइम्सचं कोडं सोमवारी सगळ्यात सोपं असतं आणि शनिवारपर्यंत अवघड होत जातं. सोमवार ते गुरुवार थीम असते, शुक्रवारी आणि शनिवारी सहसा थीम नसते, नुसते मोकळे लांबलचक शब्द. रविवारी परत थीम, पण जाळी मोठी.

इथे नव्या लोकांचा हमखास सापळा म्हणजे रविवार. सुट्टी असते, वेळ असतो, म्हणून लोक रविवारचं घेऊन बसतात. आता रोजची जाळी 15 बाय 15 ची, म्हणजे 225 चौकोन, आणि रविवारची 21 बाय 21, म्हणजे 441. अवघडपणा साधारण बुधवार-गुरुवारच्या पातळीचा, पण दुप्पट जागा, त्यामुळे निम्म्यातच दमायला होतं आणि मग आपल्याला जमत नाही असा गैरसमज होतो. आधी फक्त सोमवार करा. आठवड्यातून एकच सोमवार येतो म्हणून थांबायची गरज नाही, आर्काइव्हमध्ये जाऊन जुने सोमवार काढा, पण गेल्या चार-पाच वर्षांतलेच काढा, कारण नव्वदच्या दशकातला सोमवारही तेव्हाच्या टीव्हीवरच्या नावांमुळे आज शुक्रवारसारखा वाटतो.

2. क्लू वाचायच्या आधी जाळी वाचा

हे कोणीच करत नाही आणि खरी मदत इथेच असते. काही नियम जवळजवळ कायम पाळलेले असतात:

जाळी 180 अंशात फिरवली तरी काळे चौकोन तसेच्या तसे दिसतात. तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द नसतो. रोजच्या 15 बाय 15 च्या थीमच्या कोड्यात जास्तीत जास्त 78 शब्द. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक अक्षर दोन शब्दांत असतं, एका आडव्या आणि एका उभ्या. म्हणजे एखादं नाव तुम्हाला अजिबात माहीत नसलं तरी त्याचं प्रत्येक अक्षर दुसऱ्या दिशेने मिळू शकतं. तो बेसबॉलवाला तुम्हाला ओळखायचाच नाहीये, तो आपोआप भरला जाणारे.

जाळी वाचायची म्हणजे काय, तर सगळ्यात लांब आडवे शब्द शोधायचे. वरून तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक लांब, खालून तिसऱ्या-चौथ्या ओळीत तेवढ्याच लांबीचा दुसरा, मध्ये अजून एक-दोन, तर बहुतेक तीच थीमची उत्तरं. त्यांच्यावर मनातल्या मनात खूण करून ठेवा.

3. क्लूचं व्याकरण

ह्यावर वेळ घाला. बाकी सगळं नंतर आलं तरी चालतं.

मूळ नियम असा की क्लू आणि उत्तर एका वाक्यात एकमेकांच्या जागी बसले पाहिजेत. क्लू अनेकवचनी तर उत्तर अनेकवचनी, क्लू भूतकाळात तर उत्तरही भूतकाळात, क्लू क्रियापद तर उत्तर क्रियापद. इथे 'कट', 'पुट', 'रीड' असले शब्द त्रास देतात कारण त्यांचं वर्तमान आणि भूत स्पेलिंगला एकच, तेव्हा असा क्लू दिसला की दोन्ही शक्यता उघड्या ठेवायच्या.

मग खुणा. क्लूमध्ये एखादा शब्द छोटा करून लिहिला असेल तर उत्तरही छोटं रूप असतं. 'टॅक्स ऑर्ग.' असं असेल तर आय-आर-एस. 'फॉर शॉर्ट', 'ब्रीफली' ह्यांचाही अर्थ तोच.

क्लूमध्ये परदेशी गाव किंवा भाषा आली तर उत्तर त्या भाषेतलं. 'फ्रेंड इन फ्रान्स' म्हणजे ए-एम-आय. तुम्हाला फ्रेंच यायला हवं असं नाही, तेच दहा-बारा शब्द फिरून फिरून येतात.

'ई.जी.', 'से', 'मेबी', 'परहॅप्स' असं शेवटी लावलं असेल तर क्लू हे उदाहरण आहे आणि उत्तर त्याचा प्रकार. 'टेरियर, ई.जी.' म्हणजे डॉग.

अवतरण चिन्हांत क्लू असेल तर ते कोणीतरी बोलतंय असं समजा आणि उत्तर म्हणजे त्याच अर्थाचं दुसरं बोलणं. "आय गिव्ह अप!" ला उत्तर यू विन. आणि हो, हे जाळीत सलग लिहायचं, मध्ये जागा नाही, आणि उत्तरात किती शब्द आहेत हे क्लू सांगत नाही. क्रिप्टिकची सवय असलेल्यांना हे फार खुपतं, त्यांना कंसात तीन, तीन असं लिहिलेलं हवं असतं. इथे वाय-ओ-यू-डब्ल्यू अशी सुरुवात दिसली की हा कुठला अगम्य शब्द म्हणून खोडून टाकू नका, दोन शब्द असू शकतात.

चौकोनी कंसात क्लू म्हणजे तोंडाने काढलेला आवाज किंवा हावभाव. थंडी वाजत्ये असं कंसात असेल तर बी-आर-आर.

आता प्रश्नचिन्ह. क्लूच्या शेवटी प्रश्नचिन्ह आलं की सरळ अर्थ सोडून द्या, तिथे खेळ आहे. 'नंबर इन अ हॉस्पिटल?' असा क्लू घ्या. तुम्ही खोली नंबर, बेड नंबर, फोन नंबर करत बसाल. तो शब्द 'नमर' असा वाचायचा, बधिर करणारा, स्पेलिंग तेच. उत्तर ईथर. असे आणखी काही ठरलेले चोर आहेत, 'फ्लॉवर' हा शब्द दिसला तर तो 'फ्लो-अर' असा वाचून वाहणारी म्हणजे नदी असू शकते, आणि 'नाइस समर?' ह्यात नाइस म्हणजे फ्रान्समधलं नीस शहर, स्पेलिंग तेच, म्हणून उत्तर उन्हाळ्याचा फ्रेंच शब्द ई-टी-ई. क्लूचं पहिलं अक्षर नेहमीच कॅपिटल असतं, त्याच्या आड विशेषनाम लपवायची ही जुनी युक्ती. पहिल्या शब्दाकडे नेहमी जरा संशयाने बघत जा.

4. भरायला सुरुवात

एक आडवा पासून क्रमाने जायचं असा नियम नाही. आधी गाळलेल्या जागा भरायचे क्लू शोधा, ते सगळ्यात सोपे. मग तीन-चार अक्षरी. अनेकवचनी क्लू दिसले की शेवटी हलक्या हाताने एस टाकून ठेवा, पण हलक्याच हाताने, कारण 'मेन', 'गीस', 'डेटा' असली अनेकवचनं मुद्दाम घालतात.

एका कोपऱ्यात काही जमलं की तिथूनच पुढे सरका. सगळ्या जाळीभर एक-एक शब्द विखरून टाकण्यापेक्षा एक कोपरा पक्का करणं कधीही बरं, कारण मग क्रॉसिंगची अक्षरं हाताशी असतात.

5. वहीतले नेहमीचे पाहुणे

काही शब्द बोलताना वर्षात एकदाही तोंडात येत नाहीत पण क्रॉसवर्डमध्ये सारखे भेटतात, कारण त्यांच्यात स्वर खच्चून भरलेत आणि जाळी बांधणाऱ्याला स्वर लागतात. एरी तळं, ओरिओ बिस्किट, ऑपेरातलं गाणं आरिया, ओबो हे वाद्य, तलवारबाजीतली एपे, कलाकार योको ओनो, संगीतकार ब्रायन इनो, हॉकीतला बॉबी ऑर, बेसबॉलमधला मेल ऑट, लूव्र म्युझियमचा काचेचा पिरॅमिड करणारा आय. एम. पे, 1975 ला विम्बल्डन जिंकलेला आर्थर ॲश. ह्यांची यादी पाठ करायला बसू नका. भेटेल तसं लिहा, तिसऱ्यांदा भेटला की आपोआप लक्षात राहतो.

पाच मोठ्या तळ्यांसाठी अमेरिकन मुलं एच-ओ-एम-ई-एस अशी खूण वापरतात, ह्युरॉन, ऑन्टारिओ, मिशिगन, एरी, सुपीरियर. एवढी मात्र पाठ करा, उपयोगी पडते.

आणि आपल्याकडचे शब्द! राजा, राणी, साडी, आग्रा, तूप, नान, रागा हे सगळे तिकडे नियमित येतात आणि आपण खूश होऊन लगेच भरतो. पण स्पेलिंग त्यांच्या सोयीने असतं. राणी आर-ए-एन-आय पण असते आणि आर-ए-एन-ई-ई पण, राजाच्या मागे कधी एच असतो कधी नसतो, साडीला कधी एक आय तर कधी दोन ई, नानला एक ए का दोन. आधी चौकोन मोजा, मग भरा, आणि असं स्पेलिंग कोण करतं म्हणून वाद घालू नका, कोडं ऐकत नाही.

6. थीम पकडणे

थीम म्हणजे त्या लांब उत्तरांना बांधणारं काहीतरी. कधी प्रत्येकात एक अक्षर घातलेलं असतं, कधी काढलेलं, कधी पोटात एक शब्द लपवलेला, कधी सगळ्यांची सुरुवात एका गटातली. बऱ्याचदा एक रिव्हीलर असतो, म्हणजे थीमचं गुपित फोडणारं उत्तर, सहसा जाळीच्या खालच्या भागात.

मी एक बनवून दाखवते. समजा चार लांब उत्तरं अशी आहेत: कव्हर चार्ज, 11 अक्षरं. जॅकेट पोटॅटो, 12. स्पाइन टिंगलर, 12. इंडेक्स फिंगर, 11. वरून पहिलं आणि शेवटचं सारख्या लांबीचं, मधली दोन सारख्या लांबीची, जाळीच्या सिमेट्रीला हे लागतंच. आता पहिलं सुटलं, क्लबात घुसायची फी. दुसरं सुटलं, बटाटा. ह्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय? अर्थात शोधाल तर काही नाही. पण पहिले शब्द सुटे करा: कव्हर, जॅकेट. दोन्ही पुस्तकाच्या बाहेरचे. लगेच तिसऱ्याकडे या, तिथे समजा तुमच्याकडे फक्त दुसरं अक्षर पी आहे आणि शेवटचं आर. पुस्तकाचा भाग, दुसरं अक्षर पी, स्पाइन! पाच अक्षरं फुकट मिळाली आणि त्यांच्या आधारावर पाच उभे शब्द सुटायला लागतात. रिव्हीलर असेल ओपन बुक, आठ अक्षरी, क्लू साधारण असा की जिथे काही लपवलेलं नाही, आणि चार उत्तरांच्या सुरुवातीचा इशारा. ओपन म्हणजे सुरुवात, सुरुवातीला पुस्तकाचा भाग. छान बसतं की नाही.

म्हणून दोन लांब उत्तरं सुटली की थांबा. पुढचे क्लू सोडवत सुटू नका. दोघांना शेजारी लिहा, पहिले शब्द बघा, शेवटचे बघा, जोडाच्या जागी लपलेला शब्द बघा, एखादं अक्षर जास्त आहे का बघा. मिनिटभर लागेल आणि कोडं निम्मं हलकं होईल. अमेरिकन संदर्भ माहीत नसलेल्यांसाठी तर ही एकच गोष्ट अशी आहे जिथे आपण तिकडच्यांच्या बरोबरीने असतो, कारण थीम ही माहिती नाही, रचना आहे.

क्लूच्या आधी फुली किंवा चांदणी दिसली तर ते थीमचं उत्तर आहे असं कोडंच सांगतंय. गोल केलेले चौकोन असतील तर तेही वाचा.

7. गुरुवार, आणि एका चौकोनात एकापेक्षा जास्त अक्षरं

गुरुवारी नियम मोडतात. उत्तर उलटं लिहायचं असतं, काळ्या चौकोनावरून उडी मारायची असते, किंवा एका चौकोनात अख्खा शब्द कोंबायचा असतो, त्याला रीबस म्हणतात. तुम्हाला उत्तर शंभर टक्के माहिती आहे आणि ते दोन-तीन अक्षरांनी जास्त होतंय, असं झालं की उत्तरावर नाही, चौकोनावर शंका घ्या. ॲपमध्ये त्यासाठी रीबस असं बटणच आहे. ते माहीत नसल्याने लोक बरोबर उत्तर खोडतात.

बांधणारे कुठपर्यंत जाऊ शकतात ह्याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 5 नोव्हेंबर 1996, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस, कोडं जेरेमाया फॅरेल ह्यांचं. क्लू होता उद्याच्या पेपरची मुख्य बातमी, आणि उत्तर क्लिंटन इलेक्टेड. पण मतदान तर अजून चालू. लोक भडकले, पेपरने आधीच निकाल कसा दिला. पण क्लिंटन सात अक्षरी आणि विरोधातला उमेदवार बॉब डोल पण सात अक्षरी, आणि त्या सात जागांमधून जाणारे सातही उभे शब्द दोन्ही बाजूंनी बसत होते! हॅलोवीनचा काळा प्राणी: सी घातला तर कॅट, बी घातला तर बॅट. फ्रेंचच्या पहिल्या वर्गातला शब्द: एल घातला तर लुई, ओ घातला तर उई. असं सातही ठिकाणी. दोन्ही उत्तरं बरोबर.

8. अडकलात तर

बंद करा, तासाभराने उघडा. हे बकवास वाटतं पण चालतं, डोक्यात बसलेला चुकीचा अर्थ गळून पडतो. तरी नाही तर जो शब्द सगळ्यात पक्का वाटतोय त्याच्यावरच शंका घ्या, बहुतेक तोच चुकलेला असतो.

गूगल करणं पाप नाही. नावं खुशाल शोधा, शिकण्यासाठीच करताय. मात्र ॲपमधलं चेक किंवा रिव्हील दाबलंत तर त्या दिवसाचं सोडवणं तुमच्या सलग दिवसांच्या मोजणीत धरत नाहीत, हे माहीत असू द्या. सुरुवातीच्या काळात त्या मोजणीच्या नादी लागूच नका असं माझं मत.

दोन अनोळखी नावं एकाच चौकोनात छेदत असतील आणि ते अक्षर काही केल्या कळत नसेल तर तो दोष तुमचा नाही. ह्या प्रकाराला नॅटिक म्हणतात. 2008 च्या एका कोड्यात बॉस्टन मॅरेथॉनच्या आठव्या मैलावरचं गाव नॅटिक आणि चित्रकार एन. सी. वायथ हे एकमेकांना एन वर छेदत होते, आणि तेव्हापासून हे नावच पडलं. अशा ठिकाणी अंदाज ठोका आणि पुढे व्हा.

9. चर्चा करताना

पूर्ण सोडवून झाल्यावर कोणाशी तरी त्यावर बोललात तर महिन्याभरात जेवढं कळतं तेवढं एकट्याने सोडवून कळत नाही. पण दुसऱ्याचं मत ऐकायच्या आधी स्वतःच्या दोन-तीन ओळी लिहून ठेवा: थीम कधी कळली, कुठला क्लू आवडला, कुठे अडकलो. नाहीतर दुसरा ठणकावून म्हणतो थीम फालतू होती आणि आपणही मान डोलावतो.

"मस्त होतं" आणि "बोअर होतं" ह्याच्या पलीकडे बोलायचं असेल तर हे बघा. थीम एकसारखी आहे का? माझ्या वरच्या उदाहरणात पेज टर्नर घातलं असतं तर कच्चं झालं असतं, कारण तिथे पेज हे पुस्तकाचंच पान राहतं, बाकीच्या चारही ठिकाणी शब्दाने पुस्तक सोडलेलं आहे, जॅकेट बटाट्याचं झालंय, स्पाइन माणसाची. ही गोष्ट दिसायला लागली की तुम्ही थीम वाचायला शिकलात असं समजा. मग फिल, म्हणजे थीम सोडून बाकीचे शब्द: त्यात ओढूनताणून आणलेलं किती आणि ताजं किती? एखादं उत्तर खरंच लोक बोलतात असा शब्दप्रयोग आहे की नुसती दोन शब्दांची जोडी, जसं ग्रीन पेंट? हिरवा रंग असतो, पण म्हणून ते उत्तर होत नाही. अशा उत्तरांना ग्रीन पेंट असंच म्हणतात.

'मला माहीत नव्हतं' आणि 'क्लू वाईट होता' ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली सांगताना आवाज चढवायचं कारण नाही. अमेरिकन लोकांना तूप आणि आग्रा येतं तेव्हा ते पण असेच अडतात.

आपला सोडवायचा वेळ न विचारता सांगू नका. आणि नवा माणूस अडला असेल तर उत्तर देण्याऐवजी क्लूचा प्रकार सांगा, 'प्रश्नचिन्ह बघ' एवढंच पुष्कळ होतं.

10. कोडं कधी उघडतं आणि तोंड कधी उघडायचं

शेवटचं वेळेचं. मंगळवार ते शनिवारचं कोडं न्यूयॉर्कच्या आदल्या रात्री 10 वाजता ॲपवर येतं, म्हणजे भारतात त्याच दिवशी सकाळी 7:30, आणि तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की 8:30. रविवार आणि सोमवारचं मात्र आदल्या संध्याकाळी 6 ला, म्हणजे आपल्याकडे पहाटे 3:30 किंवा 4:30. तुमच्या चर्चेच्या ग्रुपमध्ये तिकडची मंडळी असतील तर ती झोपायच्या आधी सोडवून मोकळी झालेली असतात आणि आपण नुकता चहा टाकलेला असतो, तेव्हा थीमबद्दल एक शब्दही लिहायच्या आधी कोण कुठे राहतं ते बघा, आणि पहिल्या ओळीत कोड्याचा वार लिहून खाली चार ओळी मोकळ्या सोडा, म्हणजे न सोडवलेल्याला थीम चुकून दिसत नाही.